गुगल अर्थचा टाइमलॅप्स वसईवरून बघितला: फुकट आहे, भारी आहे, पण बावखल (आमच्या वाडीतलं तळं) दिसत नाही

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. ज्यांना फक्त वापरू का नको एवढंच हवंय त्यांनी वापरा, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही, ब्राउझरमध्ये गुगल अर्थ उघडायचं, लेयर्समध्ये टाइमलॅप्स चालू करायचा आणि प्लेचं बटण दाबायचं, बास. एक स्टार का कापला ते मात्र लांबलचक आहे, कारण मी वसईची, आणि मुंबई पसरतेय, शहरीकरण होतंय वगैरे जे पेपरात येतं ते आमच्याकडे दारात येऊन उभं राहिलंय, त्यामुळे मी जरा जास्तच खुसपटं काढत बघितलं.

तर आहे काय हे. १९८४ पासून दर वर्षाचं एक अशी उपग्रहचित्रं एकापुढे एक लावून केलेला व्हिडिओ, पण साधा व्हिडिओ नाही, पृथ्वीवर कुठेही जाऊन झूम करून बघता येतो असा. पहिल्यांदा २०१३ मध्ये आला, मग २०२१ मध्ये थ्रीडी अर्थमध्ये घातला आणि तेव्हा त्यासाठी २ कोटी ४० लाख उपग्रहचित्रं वापरल्याचं कंपनीने सांगितलं होतं. चित्रं गुगलची स्वतःची नाहीत हं, जुनी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची आहेत आणि अलीकडच्या वर्षांत त्यात युरोपच्या सेंटिनेल-२ ची भर पडलीये, आणि लँडसॅटचा सगळा जुना साठा २००८ मध्ये लोकांना फुकट मिळायला लागला म्हणून तर हे जमलं, नाहीतर एकेका चित्राला पैसे मोजून असलं काही कोण करणार होतं. एका वर्षातल्या बऱ्याच चित्रांतून ढग नसलेले तुकडे निवडून वर्षाचं एक स्वच्छ चित्र बनवतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वरून बघणाऱ्याला ढगांशिवाय काही मिळत नाही, म्हणजे जे दिसतं ते कायम कापणीनंतरचं, उन्हातलं कोकण. शेतं तपकिरी, डोंगर पिवळे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

आता नकाशा असा धरा की खाली अलिबाग-उरण, वर विरार-अर्नाळा आणि उजवीकडे कल्याण-बदलापूर मावेल, आणि स्पीड कमी करा, कारण डिफॉल्ट स्पीडला अडतीस वर्षं भुर्रकन निघून जातात आणि डोळ्यांना काही धरता येत नाही. सुरुवातीची काही वर्षं धूसर आहेत, चांगलं चित्र नसेल तिथे आजूबाजूच्या वर्षांवरून भरून काढलेलं असतं, तर १९८६ ला आमच्या आळीत काय होतं असले वाद यावरून सोडवायला जाऊ नका. नव्वदीनंतर चित्र नीट बसतं.

पहिली गंमत म्हणजे मूळ मुंबई हलतच नाही. कुलाबा ते माहीम-सायन जवळजवळ जसंच्या तसं, कारण ते आधीच भरलेलं होतं. २०११ च्या जनगणनेत तर शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झाली होती, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आसपास. हलतं ते फक्त शेवटी, वरळी-हाजीअलीसमोर कोस्टल रोडच्या भरावाची एक पट्टी उगवते तेवढं. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हिरवंगार, आणि त्याच्या चहूबाजूंनी करडा रंग, म्हणजे बांधकाम, चढत चढत येतो, घोडबंदर रोडच्या बाजूने तर अगदी कुंपणाला टेकतो.

दुसरी गंमत खाडीपलीकडे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० ची, वाशीचा खाडीपूल १९७३ चा, ९५ गावांची ३४४ चौरस किलोमीटर जमीन नवी मुंबईसाठी काढलेली, पण टाइमलॅप्स सुरू होतो तेव्हा वाशीच्या आसपास थोडंसं काहीतरी आहे आणि बाकी भातशेती, मिठागरं, चिखल. १९९२ ला रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली आणि मग नेरूळ, बेलापूर, नंतर खारघर, कामोठे असे चौकोन एकामागून एक पेटत जातात. पारसिकच्या डोंगराला खाणींचे फटके पडलेले दिसतात, म्हणजे शहर उभं राहतंय आणि त्याची खडी शेजारच्याच डोंगरातून निघतेय हे एकाच चित्रात. उलवे तर सगळ्यात शेवटी येतं आणि एकदम येतं. एक गोष्ट मला बघताना राहून राहून आठवत होती: ज्या लँडसॅट-५ च्या चित्रांनी हा व्हिडिओ सुरू होतो तो उपग्रह मार्च १९८४ मध्ये सुटला, आणि त्याच वर्षी जानेवारीत याच जमिनीसाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तितका हिस्सा विकसित प्लॉट म्हणून परत. व्हिडिओत यातलं काहीच नाही, जमीन कोणाची होती आणि कशी गेली हे उपग्रहाला कळायचा प्रश्नच नाही, पण ज्याला माहितीये त्याला पहिली फ्रेम वेगळी दिसते.

उरणकडे अजून एक बघा. जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेवाचं बंदर, १९८९ ला सुरू झालं, आणि त्याच्या मागे जी करडी वाढ दिसते ती सगळी घरं नाहीत, त्यात कंटेनर यार्ड आहेत, गोदामं आहेत, ट्रकचे तळ आहेत. एकेक यार्ड वरून एखाद्या गावापेक्षा मोठं दिसतं. त्यामुळे बांधकामाखालची जमीन इतकी वाढली असा आकडा कोणी तोंडावर फेकला तर लगेच इतकी माणसं राहायला आली असं समजायचं नाही. उलटंही होतं, म्हणजे दादर-परळला चाळ पडून चाळीस मजली टॉवर झाला तरी वरून तो एकच ठिपका आणि ठिपक्याचा रंगही तोच. उंची यात नाहीच. मुंबईची बरीच वाढ वर झालीये आणि हे टूल फक्त आडवी वाढ दाखवतं.

आता आमच्याकडे या, म्हणजे खरी करमणूक इथे आहे.

नवी मुंबई आखून वाढलेली दिसते, चौकोन, मोकळी जागा, परत चौकोन. पश्चिम रेल्वेवर तसं काही नाही. मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार, प्रत्येक स्टेशन म्हणजे एक ठिपका आणि तो ठिपका पूर्वेला सांडत जातो, सांडत सांडत हायवेपर्यंत पोहोचतो, आणि मग नालासोपारा कुठे संपलं आणि विरार कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. पश्चिमेला मात्र वेगळंच. वसई किल्ल्यापासून वर गास, निर्मळ, आगाशी, अर्नाळ्यापर्यंत समुद्राला धरून जो बागायती वाड्यांचा पट्टा आहे तो शेवटच्या फ्रेमपर्यंत बऱ्यापैकी हिरवा राहतो. परगावचा माणूस बघेल तर म्हणेल की तिकडे अजून विकास पोहोचला नसेल. पोहोचला नाही असं नाही, अडवला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथली जमीन बांधकामाला मोकळी करायचं ठरलं तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि बाकीचे सगळे, मोर्चे, कोर्टकचेऱ्या, काय काय झालं, १९९० ला सिडकोला नियोजनाचे अधिकार दिले गेले, मग २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महानगरपालिका झाली तर गावं वगळा म्हणून परत आंदोलन. तो हिरवा पट्टा त्या भांडणांनी राखलेला आहे, पूर्ण नाही राखला, पण राखलाय.

आत्याला लॅपटॉपवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं हे सगळं हिरवंच दिसतंय की, मग आपल्याकडचं पाणी कुठं गेलं?" आणि इथेच माझा एक स्टार गेला.

कारण असं आहे. लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांत काय काय मावतं बघा, घर, अंगण, विहीर, केळीची बाग आणि कडेला बावखल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरींना गोडं पाणी राहतं आणि पूर्वी त्यावर रहाट लावून वाडी भिजवायचे. समुद्र इतका जवळ असताना विहिरी गोड्या का, तर त्यामागे हा सगळा कारभार. असं एक बावखल डेब्रिज टाकून बुजवलं, त्यावर शेड मारली, बाजूला चार नारळ राहू दिले, की टाइमलॅप्सच्या लेखी काहीही घडलेलं नाही, ठिपका आधी हिरवट होता, नंतरही हिरवटच आहे. अशी दहा बुजली तरी हिरवटच. विहीर खारट झाली की मग कळतं, आणि ते उपग्रहाला चव घेता येत नसल्यामुळे कुठेच नोंदलं जात नाही. सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा आहे, त्याने थोडं सुधारतं, पण तो २०१५ ला सुटला आणि नुकसान त्याच्या कितीतरी आधीपासून चालूये.

दुसरा दोष म्हणजे मी बघितलं तेव्हा शेवटची फ्रेम २०२२ ची होती. म्हणजे अटल सेतू अजून उद्घाटनाआधीचा (तो जानेवारी २०२४ चा), आणि उलव्याच्या विमानतळाचं काम अर्धवट. डोंगर कापून, नदी वळवून सपाट केलेली जमीन दिसते, पण ते विमानतळ आहे हे आधी माहीत असावं लागतं.

आता यावर उपाय, आणि माझ्या मते खरा उपयोगाचा भाग हाच आहे. त्याच गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची वेगळी सोय आहे, घड्याळाचं चिन्ह असतं, त्यावर दाबलं की तारखांची पट्टी येते. हा टाइमलॅप्स नव्हे. यात प्रत्येक चित्र एका ठरावीक दिवसाचं असतं, तारीख लिहिलेली असते, आणि आपल्या भागात साधारण २००० नंतरच्या वर्षांची इतकी स्पष्ट चित्रं आहेत की एकेक इमारत, एकेक झाड, बावखलसुद्धा दिसतं! डेस्कटॉपवरच्या अर्थ प्रो मध्ये हे आधीपासून होतं, आणि त्या प्रो ला पूर्वी वर्षाला ३९९ डॉलर पडायचे, २०१५ पासून फुकट केलंय. २०२४ पासून वेबवर आणि मोबाइलवरही आलं. टाइमलॅप्स आख्ख्या प्रदेशासाठी, ही जुनी चित्रं तुमच्या प्लॉटसाठी, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की गोंधळ होत नाही.

माझा मामेभाऊ पूर्वेला फ्लॅट बघत होता, ब्रोशरवर गार्डन, क्लबहाउस, सगळं झकास, मग आम्ही दोघांनी ती जागा मागे मागे नेत बघितली. आधी इमारतींचे पाये, त्याच्या मागे लाल मुरमाचा भराव, त्याच्या मागे पांढुरके सरळ रेघांचे चौकोन, म्हणजे मिठागर. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी आत घेता यावं म्हणून सखल ठेवलेली जमीन, तिथे भराव घातला तरी आजूबाजूचं पाणी कुठून निघणार हा प्रश्न उरतोच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली होतं, लोकल बंद, मिठागरातल्या वस्तीवर माणसं अडकलेली, ते ज्यांनी काढलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मिठागर होतं म्हणून घेऊच नका असं मी म्हणत नाही, निम्म्या लोकांना मग घरच मिळणार नाही, पण विचारा तरी, पावसाळी गटार कुठे जातं, जोत्याची उंची रस्त्यापेक्षा किती, आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या मावशींना जुलैमध्ये काय होतं ते विचारा, त्या खरं सांगतात.

वाचताना काही गोष्टी सांभाळा. ओहोटीचं चित्र असेल तर खाडीतला चिखल जमिनीसारखा दिसतो आणि भराव घातलाय असं वाटतं, म्हणून एकाच चित्रावरून बोंबाबोंब करू नका, तीनचार तारखा बघा. मिठागर मे महिन्यात पांढरं असतं आणि पावसानंतर तळ्यासारखं दिसतं. कापलेलं भातशेत आणि मोकळा केलेला प्लॉट वरून सारखेच. आपोआप मोजणारे नकाशेही इथेच गंडतात, खाण, सुकलेली नदी, उघडी जमीन यांना पटकन काँक्रीट समजून बसतात.

आणि ठाणे खाडी जरूर बघा कारण तिथे सगळं उलटं दिसतं. दोन्ही काठांना शहर वाढतंय आणि तरी खाडीच्या कडेचं कांदळवन वर्षागणिक जाड होत जातं. माझा आधी विश्वास बसेना. पण ते खरं आहे, खाडीत गाळ साठत गेला, चिखल वर आला, त्यावर तिवरं पसरली. फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, कांदळवन तोडायला हायकोर्टाची बंदी आहे, हे सगळं चांगलंच, पण खाडी उथळ होणं ही कोळ्यांसाठी आनंदाची बातमी नाहीये. त्यामुळे हिरवं वाढलं म्हणून टाळ्या आणि करडं वाढलं म्हणून रडारड, इतकं सोपं या टूलवरून काही ठरवता येत नाही.

अजून एक मोठी गोष्ट यात दिसत नाही ती म्हणजे कायदा. इमारत कधी उभी राहिली ते दिसतं, परवानगीने राहिली का ते नाही. नालासोपारा पूर्वेला डंपिंग आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या, २०२५ च्या सुरुवातीला काम संपलं, आणि त्यात राहणारी कुटुंबं पैसे मोजून तिथे आलेली होती. वरून बघितलं तर त्या बाकीच्या इमारतींसारख्याच इमारती. म्हणून सातबारा, महापालिकेच्या विकास आराखड्यातलं आरक्षण आणि महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर, हे तिन्ही वेगळं तपासायचंच, अर्थवर बघितलं म्हणजे झालं असं नाही. फक्त एक फायदा होतो, की बिल्डर सांगतो त्या वर्षी तिथे खरंच काही होतं का हे तुम्हाला कोणाला न विचारता कळतं, आणि ते कळलेलं आहे हे समोरच्याला कळलं की बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

दुसरे पर्याय थोडक्यात. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, दिसायला सरकारी, पण त्यात जमीन-वापराचे नकाशे आहेत, म्हणजे हे शेत, ही पाणथळ, ही वस्ती असं रंगवून दिलेलं, आणि ते गुगलच्या टाइमलॅप्समध्ये अजिबात नाही. अभ्यास करणाऱ्यांनी तिकडेच जावं. एसरी या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचं वेबॅक २०१४ पासूनची चित्रं दाखवतं, वापरायला सोपं आहे पण मागे फार जात नाही. युरोपियन कमिशनचा ग्लोबल ह्यूमन सेटलमेंट लेयर १९७५ पासून दर पाच वर्षांनी बांधकाम किती ते आकड्यांत देतो, पण तो डाउनलोड करून जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या खास सॉफ्टवेअरमध्ये, उघडावा लागतो, घरबसल्या गंमत म्हणून बघायची गोष्ट नाही ती.

एक विचार मनात येतोच, की २०११ नंतर जनगणना झालेली नाही, तेव्हा वसई-विरार १२ लाखांचं होतं, आता किती आहे ते अधिकृतपणे सांगायला कागद नाही, आणि पाणी किती लागेल, शाळा किती लागतील हे सगळं अजून अंदाजपंचे. अशा वेळी फुकटातली ही चित्रं निदान छपरं तरी दाखवतात. त्यात मुंबई आता अजून पुढे सरकतेय, वर डहाणूजवळ वाढवण बंदर मंजूर झालंय, खाली अटल सेतूच्या पलीकडे १२४ गावांत नवं शहर आखलंय, तर तिकडच्या लोकांनी आपल्या गावची आजची चित्रं आत्ताच सेव्ह करून ठेवा. ओढा कुठून वाहतो, गुरचरण किती आहे, तळं कुठंय. पुढे पाच वर्षांनी तिथे कधी ओढा नव्हताच असं सांगणारे भेटतील.

वापरायचं कसं यावर शेवटचं. मोबाइलवर चालतं पण लॅपटॉपवरच बघा, छोट्या स्क्रीनवर निम्मं कळत नाही, आणि थ्रीडी बंद केलंत तर डेटा कमी जातो. सोसायटीच्या मीटिंगला किंवा पालिकेत तक्रारीसोबत लावायचं असेल तर टाइमलॅप्सचा व्हिडिओ नेऊ नका, लोक वा वा करतात आणि विषय बाजूला राहतो. जुन्या चित्रांचे दोन स्क्रीनशॉट घ्या, एकाच उंचीवरून, उत्तर दिशा वर ठेवून, दोन्हीत तारीख दिसेल असे, आणि नाला, रस्ता किंवा देऊळ असं काहीतरी दोन्हीत सारखं येऊ द्या म्हणजे जागा तीच आहे का यावर वाद होत नाही. गट नंबर खाली पेनने लिहा.